ओल कुठून आली

भिंतीवर ओल दिसली की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो येऊन पोपडे खरवडतो, लांबी (पुट्टी) भरतो, 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या डब्यातले दोन हात मारतो आणि गणपतीपर्यंत डाग पुन्हा उमटतो. मुंबई-ठाण्याच्या इमारतींत दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं कसब कशात आहे, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे थापी, पाइप पाना, छिन्नी-हातोडा येतात. माझ्या मते ते कसब शोध घेण्यात आहे. ओल दिसते ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा क्वचितच एक असते. मधली वाट ज्याला काढता येते त्याचंच काम टिकतं. पण सोसायटीच्या कोटेशनमध्ये या शोधाची ओळच नसते. रंगाचा दर चौरस फुटावर ठरतो, पाइपचा धावत्या फुटावर. दोन दिवस नुसतं बघण्याचे, थांबण्याचे, पुन्हा येऊन पाहण्याचे पैसे कोणी धरत नाही. बरीचशी फसलेली कामं तिथेच फसलेली असतात.

इमारतीत पाणी येण्याच्या मुख्य वाटा चार: दाबाखाली असलेली नळाची लाइन, सांडपाण्याची लाइन, पाऊस आणि तळमजल्यावर जमिनीतून वर चढणारी ओल. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. नळाच्या लाइनची ओल ऋतू पाहत नाही, ऐन मे महिन्यातही डाग गार आणि ओलाच लागतो. सांडपाण्याची ओल वापराबरोबर हलते. सकाळच्या आंघोळी झाल्या की वाढते, वरचं बिऱ्हाड सुट्टीत गावी गेलं की आठ-दहा दिवसांत कडेने सुकू लागते. म्हणून वरच्या मजल्यावर गेल्यावर आधी टाइल्स ठोकायच्या नसतात, घर शेवटचं बंद कधी होतं हे विचारायचं असतं. पावसाची ओल पहिल्या सरीला क्वचितच येते. दोन-चार दिवसांची झड लागली, भिंत पाणी पिऊन भरली, की मग ती आतल्या बाजूला उतरते आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस तशीच राहते. जमिनीतून चढणाऱ्या ओलीची वरची कड जवळजवळ आडवी असते, बहुधा तीन-साडेतीन फुटांच्या आत, आणि तिथे पांढऱ्या क्षाराची रेघ जमते. हल्ली यात एसीची भर पडली आहे. एसीच्या पाण्याची नळी भिंतीत उताराशिवाय गाडली की पाणी मागे फिरतं. उन्हाळ्यात बेडरूमच्याच भिंतीला ओल आली, तर बाथरूम फोडण्याआधी ही नळी पाहावी.

यातला गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे पंख्याच्या हुकातून टपकणारं पाणी. वरची मोरी एका कोपऱ्यात आणि पंखा खोलीच्या मधोमध. मग वरचे म्हणतात, आमच्या मोरीचा इथे संबंधच काय? स्लॅब भरताना विजेच्या वायरींसाठी आत नळ्या टाकलेल्या असतात. स्लॅबमध्ये झिरपलेलं पाणी त्या नळीत शिरलं की दहा-पंधरा फूट सहज प्रवास करतं आणि जिथे तोंड उघडं मिळेल तिथे, म्हणजे पंख्याच्या किंवा दिव्याच्या पेटीत, बाहेर पडतं. तिथे खालून काहीही भरून उपयोग नाही. पहिलं काम म्हणजे त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला सुरक्षा-स्विच, पाडणं आणि टेस्टरने खात्री करून घेणं. शिडी त्यानंतर लावायची.

शोधाची रीत साधी आहे, फक्त तिला वेळ लागतो. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. रात्री वरच्या घराचा व्हॉल्व बंद करायचा आणि सकाळी रेघ पाहायची. पाणी बंद असताना डाग आकसायला लागला तर संशय नळाच्या लाइनवर. तसाच राहिला तर मोरीची पाळी. न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे मोरीच्या जाळीखालून सांडपाणी जातं त्या भांड्याचं, तोंड फडक्याचा बोळा आणि वर प्लास्टरचा थर देऊन बंद करायचं, जमिनीवर इंचभर ते दोन इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. खाली ओल वाढली तर गळती जमिनीत आहे. नाही वाढली तर बोळा काढून बादलीभर पाण्यात रंग कालवून ट्रॅपमध्ये ओतायचा. खाली रंग उतरला तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्यापुढच्या पाइपात. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. नळही चालू, मोरीही भरलेली आणि वर पाऊस, अशा स्थितीत काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो.

बाहेरच्या भिंतीची चाचणी पाइपने पाणी मारून करतात, पण ती खालून वर करत न्यायची असते. आधी खिडकीच्या खालचा भाग, तिथे पंधरा-वीस मिनिटं. मग खिडकीची चौकट, मग छज्जा आणि भिंत यांचा सांधा, मग वरचा बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात ती फट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि कुठल्या फटीने घात केला ते कळत नाही. बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर फट पडणं हे काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत नेहमीचं आहे, कारण दोन्ही उन्हात वेगवेगळी फुगतात. ती फट नुसत्या सिमेंटने भरली तर पुढच्या उन्हाळ्यात तिथेच पुन्हा चीर जाते. तिला इंग्रजी व्ही आकारात उघडून लवचीक सीलंट भरावं लागतं आणि प्लास्टर करायचं असेल तर दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जाईल अशी जाळी ठोकावी लागते.

आता मोरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सोसायटीतली निम्मी भांडणं तिथून निघतात. जुन्या इमारतींत संडास-मोरीचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर टाइल्स बसवलेल्या असतात. टाइल्सच्या सांध्यातून पाणी झिरपत राहिलं की त्या भरावात साठतं. वर सगळं कोरडं दिसतं आणि खाली कुंड भरलेलं असतं. सांध्यांतलं जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं तर बऱ्याच घरांत ओल कमी होते. हा पहिला, स्वस्त उपाय आहे आणि तो करून पाहायला हरकत नाही, मात्र भरावातलं साठलेलं पाणी उतरायला काही आठवडे लागतात, तोवर निकाल लावू नये. ट्रॅपचा सांधाच सुटला असेल किंवा सांडपाण्याचा पाइप स्लॅबमधून जातो तिथे फट असेल, तर मात्र फोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

फोडायचं ठरलं की क्रम सांभाळणं हेच काम. टाइल्स आणि भराव पूर्ण काढून स्लॅब ब्रशने घासून स्वच्छ करायचा. आधी प्लंबरने सगळे पाइप टाकून, ट्रॅप बसवून मोकळं व्हायचं. ट्रॅप आणि पाइपांभोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. साधं सिमेंट आकसतं आणि केसाएवढी फट सोडतं, पाण्याला तेवढी पुरते. मग भिंत आणि जमीन यांच्या कोनात मसाल्याची गोलाई द्यायची, तिलाच मिस्त्री वाटा म्हणतात. काटकोनात पाणी अडवणाऱ्या कोटिंगचा थर पातळ पडतो आणि तिथेच तो फाटतो. म्हणून वाटा हवाच. त्यावर कोटिंगचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा, मध्ये डब्यावर दिलेला वेळ सोडून. भिंतीवर ते निदान फूटभर चढवायचं आणि शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत न्यायचं. ते पूर्ण वाळलं की पुन्हा पाणी भरून अठ्ठेचाळीस तास चाचणी. ती पास झाली की लगेच संरक्षक प्लास्टरचा थर, नाहीतर घमेल्याची कड घासून कोटिंग ओरखडतं. भराव झाल्यावर आणखी एकदा पाणी भरून पाहायचं. शेवटी टाइल्स, ट्रॅपच्या दिशेने ऐंशीला एक असा उतार देऊन, म्हणजे चार फुटांना साधारण पंधरा मिलिमीटर.

हे सगळं नीट होऊनही काम वाया जातं ते शेवटच्या दिवशी. टाइल्स बसल्यावर घरातल्यांना आठवतं की गीझरसाठी एक पॉइंट राहिला. प्लंबर येतो, जमिनीलगत भिंत चिरतो, पाइप टाकतो, सिमेंटने बुजवतो. कोटिंग तिथे कापलं गेलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फोडायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना उभं करून प्रत्येक नळाची, गीझरची, वॉशिंग मशीनची जागा भिंतीवर खडूने काढून घ्यावी.

भिंतीतल्या पाइपांची गळती वेगळ्या कारणांनी होते. जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप आतून गंजतात. पाण्याची धार बारीक होत जाणं हे त्याचं लक्षण. त्यातला फुटका तुकडा बदलला तर वर्षभरात पुढचा फुटतो, म्हणून लाइनच बदललेली बरी. नव्या सीपीव्हीसीमध्ये, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, पाइप क्वचितच फुटतो, सांधा सुटतो. कापलेली कड घासलेली नसते, सॉल्व्हंट पीव्हीसीचं वापरलेलं असतं, पाइप आत ढकलताना पाव फेरा दिलेला नसतो किंवा अर्धा मिनिट धरून ठेवलेला नसतो. प्लॅस्टिकच्या आटेवाल्या फिटिंगवर टेफ्लॉन टेपचे भाराभर वेढे देऊन पान्याने आवळलं तर फिटिंगला उभी चीर जाते, आणि ती त्या दिवशी न गळता महिन्याभराने गळते. नळ जोडायचा तिथे आत पितळेचे आटे असलेलीच फिटिंग घ्यावी. भिंत बुजवण्याआधी हातपंपाने लाइनला दाब द्यावा आणि गेजचा काटा उतरत नाही याची खात्री करावी. यात फार तर एक दिवस जातो.

गच्चीचं दुखणं बहुधा उतारात असतं. शंभर फुटांना एक फूट हा उतार कमीत कमी. तो मोडला की पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्याला वाट सापडतेच. जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, गळतो म्हणून त्यावर नवा कोबा घालण्याची पद्धत मला फार चुकीची वाटते. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वजन टाकतो. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद गच्चीवर ते चाळीस टन होतात, आणि तेही तीस-चाळीस वर्षं उभ्या असलेल्या कॉलमवर. नवा घालायचा तर जुना काढावा. त्याआधी कठड्याच्या पायाशी वाटा सुटला आहे का, पावसाच्या पाइपाचं तोंड आणि कोबा यांच्यात फट आहे का, डिश अँटेना किंवा सोलरचे पाय कोब्यात भोक पाडून बसवले आहेत का, एवढं पाहावं. पुष्कळदा दोष या तिन्हींपैकी एकात असतो आणि दोन दिवसांत मिटतो. पाय बसवायचेच असतील तर वेगळे काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बसवावेत. आणि पावसाच्या पाइपाच्या जाळीवरचा पाला मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि जुलैत एकदा काढावा, त्याला कंत्राटदाराची गरज नाही.

यापेक्षा गंभीर विषय काँक्रीटचा. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते, पीएच बाराच्या वर. तोवर सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि ही अल्कली संपवत नेतो. समुद्राजवळ खाऱ्या हवेतले क्लोराइड त्यात भर घालतात. पीएच नऊच्या आसपास आला की सळईचं कवच गेलं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं, म्हणून तो आतून काँक्रीटला फोडतो. सळईच्या रेषेत जाणारी लांब चीर, तिच्या कडेला तांबूस डाग आणि हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज, ही त्याची खूण. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाचा फवारा मारला तर निरोगी काँक्रीट गुलाबी होतं आणि मेलेलं तसंच राखाडी राहतं. कुठवर फोडायचं ते या रंगावरून ठरवता येतं.

बीम किंवा कॉलम फोडायचा तर आधी त्याखाली टेकू. एका मजल्याखाली नाही, खालच्या मजल्यांवरही एकाखाली एक, कारण भार शेवटी जमिनीवर उतरवायचा असतो. सळईच्या मागे बोट जाईल इतकं, पाऊण इंचभर, काँक्रीट काढायचं. इथेच टाळाटाळ होते. पुढून गंज घासतात आणि मागचा तसाच राहतो, मग दोन पावसाळ्यांत नवा मसाला ढलप्यासारखा सुटून येतो. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची. चौथ्या हिश्शाच्या आसपास जाडी गेली असेल तर इंजिनिअरला विचारून शेजारी नवी सळई जोडायची. मग गंजरोधक कोटिंग, मग जुन्या-नव्याला जोडणारा बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मसाला, म्हणजे लॅटेक्स मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला. एक किलो लॅटेक्सला पाच किलो सिमेंट आणि पंधरा किलो क्वार्ट्झची वाळू हे रुळलेलं प्रमाण. थर अर्ध्या इंचाच्या आत, एकावर एक. बाँडिंग कोट सुकून गेला तर तो जोडण्याऐवजी वेगळं करणारा पापुद्रा होतो. तसं झालं तर पुन्हा लावायचा. कामगारांना जेवायची सुट्टी द्यायची ती कोट लावण्याआधी द्यावी. लॅटेक्स मापून न घालता पाणी वाढवणं ही दुसरी मोठी चूक, कारण पाणी वाढलं की मसाला हाताला सोपा जातो आणि ताकदीला कमी पडतो. हा मसाला एक-दोन दिवस ओला ठेवून मग हवेत सुकू द्यायचा असतो. साध्या प्लास्टरचं तसं नाही, त्याला निदान सात दिवस पाणी लागतं.

यातलं काहीच कामगाराने एकट्याने ठरवायचं नसतं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करावी लागते आणि त्यातून सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ अशा श्रेणी ठरतात. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पण अहवाल बऱ्याचदा सेक्रेटरीच्या कपाटात राहतो आणि टेकू लावणाऱ्याला तो कोणी दाखवत नाही. कुठला कॉलम किती दुबळा आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं, तो त्याच्याखाली उभा असतो.

गिरगाव-काळबादेवीकडच्या उपकरप्राप्त इमारतींत, म्हणजे सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या आणि दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींत, प्रश्न लाकडाचा. तिथली तुळई मधोमध नाही, भिंतीत शिरलेल्या टोकाला कुजते, आणि तीही सामाईक संडास-मोरीलगतची आधी. दाभणाने टोचून पाहिलं की कळतं. त्या इमारतींवर स्वतंत्र लिहायला हवं.

काम कधी करायचं, हाही वाद दरवर्षी होतो. वार्षिक सभेत निधी मंजूर होईपर्यंत एप्रिल उजाडतो, काम मे महिन्यात घाईने रेटतात. उन्हात प्लास्टर तासाभरात कोरडं पडतं, पाणीकपात असेल तर क्युरिंगला, म्हणजे प्लास्टर ओलं ठेवायला, पाणी नसतं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात उभा. माझं सांगणं असं की पावसाळा पाहणीसाठी ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी जाऊन डाग पाहावेत, फोटो काढावेत, पाण्याच्या वाटा शोधाव्यात. ऑक्टोबर संपता भिंती सुकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही कामाची खरी सुगी. भर पावसात हाक आली तर ताडपत्री, तात्पुरतं सीलंट आणि खरं सांगणं, एवढंच करता येतं.

आणि झुला. बाहेरून पाइप किंवा भिंत दुरुस्त करणारा माणूस दोरावर लटकलेला असतो. झुल्याचा, म्हणजे तो बसतो त्या फळीचा, दोर एका जागी आणि कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचा दोर दुसऱ्या जागी बांधलेला हवा. दोन्ही एकाच खुंटीला असतील तर पट्टा घालून काही साधत नाही. जुन्या कठड्याला, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोर बांधायचा नाही, कॉलमला किंवा जिन्याच्या खोलीच्या बीमला बांधायचा. दोर भिंतीच्या कडेवर घासतो तिथे गोणपाटाची घडी घालायची. बंद टाकीत उतरून आतून इपॉक्सी मारायचं असेल तर झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवायची, वर एक माणूस सतत हवा, आणि आतल्याच्या कमरेला दोर. गॅसने बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघं जातात, असं वारंवार घडलेलं आहे. मैल्याच्या टाकीत तर माणूस उतरवायचाच नाही, सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

सोसायट्यांना दोन गोष्टी करता येतील आणि दोन्हींना खर्च जवळजवळ नाही. पहिली नोंदीची. भिंत बुजवण्याआधी पाइपांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवावेत. व्हॉल्वना नंबर देऊन कोणता कुठल्या लाइनचा याचा तक्ता पंपरूमच्या दारावर लावावा. दुसरी गोष्ट कागदाची. बांधकाम कामगारांच्या कायद्यात दुरुस्ती आणि देखभालीचं कामही येतं. महाराष्ट्राच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला अठरा ते साठ वर्षं वय आणि मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मोठ्या साइटवर राबणाऱ्याला तो ठेकेदाराकडून मिळू शकतो. पण नाक्यावर उभं राहून आज या सोसायटीत चार दिवस, उद्या त्या सोसायटीत सहा दिवस काम करणाऱ्याचे नव्वद दिवस वीस ठिकाणी विखुरलेले असतात आणि ते जुळवून दाखवणं त्याला फार अवघड जातं. काम संपल्यावर लेटरहेडवर त्याचं नाव, कामाचा प्रकार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि सेक्रेटरीची सही-शिक्का, एवढ्या चार ओळी लिहून त्याच्या हातात द्याव्यात. तो मागेल याची वाट पाहू नये.